तिसरं मूल आणि तिची जागा: ‘जावेद विरुद्ध हरियाणा’ प्रकरणाचा अभ्यास

30 जुलै 2003 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ‘जावेद विरुद्ध हरियाणा राज्य’ या प्रकरणात निकाल दिला. दोनपेक्षा जास्त हयात अपत्यं असलेल्या माणसाला पंचायतीची निवडणूक लढवता येणार नाही, हा हरियाणाचा नियम घटनेला धरून आहे, असं न्यायालयाने ठरवलं. कायद्याच्या वर्गात हा निकाल लोकसंख्या आणि धर्मस्वातंत्र्य या दोन मथळ्यांखाली शिकवला जातो. मला तो त्याच्या शेवटाकडच्या एका परिच्छेदासाठी महत्त्वाचा वाटतो. मोठे मुद्दे निकाली निघाल्यावर, जाता जाता उरलेल्या गोष्टी उरकाव्यात तसा हा परिच्छेद येतो. त्यात बायका आहेत.

याचिकाकर्त्यांचं म्हणणं होतं की या नियमाचा सगळ्यात मोठा फटका बायकांना बसेल. तिसरं मूल हवं की नको, हे आपल्याकडे बाई एकटी ठरवत नाही. नवऱ्याला हवं असलं की तिला ते व्हावं लागतं. न्यायालयाने उत्तर दिलं, त्याचा आशय असा: या मुद्द्यावर फार थांबायची गरज नाही. जो पुरुष बायकोला तिसऱ्या बाळंतपणाची सक्ती करेल तो तिच्यासोबत स्वतःही अपात्र होईल. शिवाय भारतीय स्त्रियांमध्ये आता जागृती येते आहे, मनाविरुद्ध तिसरं मूल जन्माला घालावं लागेल इतक्या त्या असहाय आहेत असं आम्हाला वाटत नाही. विधिमंडळाला स्त्रियांसाठी अपवाद करायचा असेल तर त्याने तो खुशाल करावा, पण अपवाद केला नाही म्हणून कायदा घटनाबाह्य ठरत नाही.

एवढंच. धर्माच्या मुद्द्याला याच निकालात पानंच्या पानं मिळाली आहेत.

नियम आला कुठून

73वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 रोजी अमलात आली आणि पंचायत राज संस्थांत किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. हरियाणाचा नवा पंचायत राज कायदा त्यानंतर वर्षभरातच, 1994 च्या एप्रिलमध्ये आला. त्याच्या कलम 175(1)(क्यू) मध्ये दोन अपत्यांची अट होती. कायदा लागू झाल्यापासून एक वर्षाची सवलत होती, त्यानंतर झालेलं तिसरं मूल मोजलं जाणार होतं. निवडून आल्यावर तिसरं मूल झालं तर कलम 177 खाली पद जाणार होतं.

म्हणजे ज्या काळात गावपातळीवरच्या राजकारणाचं दार बायकांसाठी उघडलं, त्याच काळात त्या दाराच्या चौकटीवर मुलं मोजणारा बसवला गेला. कुणी ठरवून हे केलं असं मी म्हणत नाही. अट सुचवताना बायका कुणाच्या डोळ्यांसमोरही नसाव्यात, आणि खरी अडचण तिथेच आहे. राष्ट्रीय विकास परिषदेने नेमलेल्या करुणाकरन समितीने नव्वदीच्या सुरुवातीला शिफारस केली ती पंचायतीपासून संसदेपर्यंत सगळ्यांसाठी. खासदार-आमदारांना ही अट लावणारं 79व्या घटनादुरुस्तीचं विधेयक 1992 मध्ये राज्यसभेत मांडलंही गेलं. ते कधीच मंजूर झालं नाही. ज्यांनी ते मंजूर करायचं होतं त्यांच्यातल्या अनेकांच्या घरी किती ताटं मांडली जात होती, हा प्रश्न इथे सोडून देऊ. वरच्या मजल्यावर अट अडकली, तळमजल्यावर मात्र एकामागून एक राज्यांनी ती लावली: राजस्थान, हरियाणा, आंध्र प्रदेश, ओडिशा, मध्य प्रदेश, हिमाचल, छत्तीसगड, महाराष्ट्र.

पंचायतीत राखीव जागांमुळे बायका तिसऱ्या हिश्शाने बसणार होत्या. संसदेत त्या मूठभर होत्या आणि आजही आहेत: 2024 च्या लोकसभेत 543 पैकी 74. मूल मोजायचा नियम नेमका जिथे बायका आहेत तिथे लागला आणि जिथे त्या जवळपास नाहीत तिथे लागला नाही.

न्यायालयासमोर हा भेदभावाचा मुद्दा आला होता. एका राज्यात अट आहे, दुसऱ्यात नाही, सरपंचाला आहे, आमदाराला नाही, हे कसं? उत्तर असं मिळालं की धोरण सगळीकडे एकदम लागू केलंच पाहिजे असं नाही, ते टप्प्याटप्प्याने आणता येतं आणि तळापासून सुरुवात करण्यात गैर काही नाही. त्यानंतर वीस वर्षं उलटून गेली, तो पुढचा टप्पा आलेला नाही.

‘नवराही अपात्र होतो’ या वाक्याचं काय होतं

न्यायालयाचा युक्तिवाद कागदावर बिनतोड दिसतो. मूल दोघांचं, अपात्रता दोघांची. मग अन्याय कुठे?

समजा एका गावात एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आलेली एक बाई आहे. तेविसाव्या वर्षापर्यंत तिला दोन मुली झाल्या. सासूच्या तोंडी ‘वंशाला दिवा’ आहे. पंचविसाव्या वर्षी तिसरं बाळंतपण झालं. सरपंचपदाचा विचार त्या घरात तोवर कुणी केलेला नव्हता, कारण तोवर ते पद तिच्या प्रवर्गाला नव्हतंच. ती तिशीत असताना आरक्षणाची सोडत निघते, चिठ्ठी उघडते आणि गावाचं सरपंचपद महिलेसाठी राखीव होतं. आता बचत गटात हिशेब ठेवणारी, ग्रामसभेत उठून पाण्याचं विचारणारी ही बाई उभी राहू शकत नाही. पाच वर्षांपूर्वीचं ते बाळंतपण आडवं येतं.

नवराही अपात्र झाला, बरोबर. पण त्याने गमावलं काय? ही जागा त्याची नव्हतीच. त्याला गावच्या राजकारणात राहायचं असेल तर सोसायटी आहे, पक्ष आहे, भावाला उभं करता येतं, भावजयीला उभं करता येतं. गावोगावच्या ‘सरपंचपतीं’ना खुर्चीवर कायदेशीर हक्क लागतोच कुठे? त्याच्या बायकोला मात्र गावच्या राजकारणात शिरायला सोडत हेच एक दार होतं आणि ते फिरतं दार आहे. पुन्हा तिच्या प्रवर्गावर येईल तेव्हा कदाचित ती पन्नाशीला पोहोचलेली असेल.

दुसरी गोष्ट पुराव्याची. बाईचं बाळंतपण लपत नाही. आशाताईच्या वहीत ते असतं, दवाखान्याच्या नोंदीत असतं, जन्मदाखल्यावर आईचं नाव असतं. पुरुषाचं बाप असणं कागदावर उभं असतं आणि कागद हलवता येतो. मध्य प्रदेशच्या माजी मुख्य सचिव निर्मला बुच यांनी पाच राज्यांत या नियमाचे परिणाम तपासले आणि 2005 मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यांच्या अभ्यासात हेच चित्र दिसतं: गरोदर बायकोला माहेरी पाठवून देणं, तिला सोडून देणं, मूल आपलं नाही म्हणणं, मूल दुसऱ्याच्या नावावर लावणं, गर्भपात. अपात्र ठरलेल्यांत दलित, आदिवासी आणि मागास समाजातली माणसं मोठ्या प्रमाणात होती, हेही त्यात आहे. शिक्षा दोघांना सारखी लिहिलेली होती, पण ती चुकवण्याच्या वाटा फक्त एकालाच मोकळ्या होत्या आणि त्या वाटा दुसरीच्या अंगावरून जात होत्या.

मूल दत्तक देण्याचा मार्गही न्यायालयाने जावेद प्रकरणातच बंद केला. तिसरं मूल जन्मलं आणि हयात असलं की अपात्रता लागली, नंतर ते दुसऱ्याला देऊन ती धुऊन निघत नाही. 2018 मध्ये ओडिशातल्या एका आदिवासी सरपंचाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा सांगितलं. ही भूमिका मला पटते. मुलं वाटून पद टिकवणं न्यायालयाने चालवून घेतलं असतं तर ते भयंकर झालं असतं. पण या वाक्यात एक कबुलीही दडलेली आहे. माणसं पदासाठी पोटचं मूल देऊन टाकायला निघाली आहेत, हे न्यायालयासमोर मांडलं गेलं होतं. जो नियम माणसांना तिथवर नेतो तो घरात सगळ्यात कमी बोलू शकणाऱ्या माणसाचं काय करत असेल, हा प्रश्न तिथून एका पावलावर होता.

छाननीचं टेबल

महाराष्ट्रात ही अट ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 मध्ये, पोटकलम (1)(ज-1) म्हणून आहे. दुरुस्ती 1995 ची, अंमल 13 सप्टेंबर 2000 पासून आणि सवलतीचं वर्ष संपलं 12 सप्टेंबर 2001 रोजी. गावच्या राजकारणात वावरणाऱ्या प्रत्येकाला ही तारीख पाठ असते. त्या तारखेनंतर आठवडाभरात तिसरं अपत्य म्हणून जन्मलेली पोर आज स्वतः मतदार आहे आणि एकविशी ओलांडल्यामुळे उमेदवारही होऊ शकते. तिच्या आईची अपात्रता तिच्याइतकीच मोठी झाली आहे.

छाननीच्या दिवशी तहसील कार्यालयातलं चित्र साधारण असं असतं. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर अर्जांचा गठ्ठा, प्रत्येक अर्जाला अपत्यांबाबतचं घोषणापत्र जोडलेलं. एका बाईचा अर्ज पुकारला जातो. विरोधी पॅनेलचा माणूस उठतो आणि ‘हरकत आहे साहेब’ म्हणत पिशवीतून कागद काढतो: रेशनकार्डाची झेरॉक्स, अंगणवाडीच्या रजिस्टरमधली नोंद, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. तिसऱ्या ओळीत एका मुलाचं नाव आणि आईच्या रकान्यात हिचं. मग बोलायला लागतो तिचा दीर, किंवा नवरा, किंवा वकील. ते पोरगं जावेचं आहे, शाळेत नाव घालताना चूक झाली. ती स्वतः मागच्या बाकावर, डोक्यावरचा पदर सारखा करत बसलेली. आपल्या पोटातून किती मुलं आली, याची चर्चा वीस-पंचवीस पुरुषांसमोर चाललेली ती ऐकते. तिला कुणी विचारत नाही. अर्ज तिचा आहे.

छाननीत सुटली तरी निवडून आल्यावर जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार होऊ शकते. तिथे हरली तर विभागीय आयुक्तांकडे अपील, पुढे उच्च न्यायालय. सदस्य झाल्यावर दिवस गेले तर काय, हा प्रश्न वेगळाच. पद टिकवायचं तर बाळंतपण नको आणि बाळंतपण हवं तर पद नको. पहिली दोन मुलं असलेल्या तरुण सदस्य बाईच्या पोटाकडे पाच वर्षं गावाचं लक्ष असतं. पुरुष सदस्याच्या बाबतीत अशी नजर कुणी ठेवत नाही, ठेवायला दिसणारं काही नसतंच.

महाराष्ट्राला या बाबतीत जुना इतिहासही आहे. आणीबाणीत, 1976 मध्ये, तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक आपल्या विधिमंडळाने मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झालं नाही. 1976-77 या एका वर्षात देशभरात 80 लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यातल्या बहुतांश पुरुषांच्या होत्या. सरकार पडलं. त्यानंतर कुठल्याही सरकारने पुरुषांच्या नसबंदीला हात घालायची हिंमत केली नाही आणि कुटुंबनियोजनाचं सगळं ओझं बायकांकडे सरकलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, 15 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांत स्वतः शस्त्रक्रिया करून घेतलेल्या 37.9 टक्के निघाल्या. नवऱ्याने केलेली? 0.3 टक्के. महाराष्ट्रात तर जवळपास निम्म्या बायकांनी ऑपरेशन केलेलं आहे. खरं तर पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, टाका नसलेली, त्याच दिवशी घरी जाता येईल अशी. तरी ‘त्याला काम करायचं असतं, अशक्तपणा येतो’ हे उत्तर घराघरांत तयार असतं. ती काय करत असते, हे विचारू नये.

जावेदच्या निकालातल्या ‘जागृती’शेजारी ही दोन आकड्यांची जोडी ठेवून पाहावी. मूल थांबवायची जबाबदारी तिची, शस्त्रक्रिया तिच्यावर. कधी थांबवायचं हे मात्र ‘मुलगा झाल्यावर’ या दोन शब्दांत आधीच ठरलेलं.

मुलगा आणि दोनचा आकडा

इथे नियमाची दुसरी बाजू सांगायला हवी, नाहीतर लिखाण एकतर्फी होईल. या अटीने काही ठिकाणी बायकांना एक सोयीचं कारणही दिलं असणार. ‘मला निवडणूक लढवायची आहे, तिसरं नको’ असं म्हणता येणं ही लहान गोष्ट नाही. ज्या घरात बाईच्या नकाराला किंमत नसते तिथे कायद्याच्या नकाराला असते. दोन अर्थशास्त्रज्ञांनी या राज्यांतल्या जन्मांच्या आकडेवारीचा अभ्यास केला तेव्हा तिसऱ्या अपत्याचं प्रमाण खरोखर घटल्याचं त्यांना आढळलं. नियमाचा काही परिणाम झाला नाही असं म्हणता येणार नाही.

पण त्याच अभ्यासात हेही निघालं की वरच्या जातींत, जिथे पदाची शक्यता आणि सोनोग्राफीची ऐपत दोन्ही होतं, तिथे मुलींच्या जन्माचं प्रमाण बिघडलं. गणित अवघड नाही. दोनच मुलं हवीत आणि त्यात एक मुलगा हवाच असेल तर पहिल्या मुलीनंतरच्या गरोदरपणात काय होईल, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. हरियाणात 2001 च्या जनगणनेत 0 ते 6 वयोगटात दर हजार मुलग्यांमागे 819 मुली होत्या. महाराष्ट्रात तो आकडा 2001 मध्ये 913 होता आणि 2011 मध्ये 894 झाला, बीड जिल्ह्यात 807. या सगळ्याचं खापर पंचायतीच्या एका कलमावर फोडणं चुकीचं ठरेल. सोनोग्राफीचं यंत्र, हुंडा आणि जमिनीची वाटणी ही त्यामागची मोठी कारणं आहेत. प्रश्न एवढाच की 819 च्या राज्यात ‘दोनच’ हा आकडा कायद्यात लिहिताना मुलीचं काय होईल याचा विचार झाला का. निकालपत्रात तो दिसत नाही.

आणि ज्यासाठी हे सगळं केलं ती लोकसंख्या? महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीत 1.7 आहे. केरळचा 1.8. केरळने पंचायतीत कधी मुलं मोजली नाहीत. तिथे मुली शाळेत टिकल्या, लग्नाचं वय वाढलं, दवाखाना जवळ आला.

निकालानंतर

निकाल राज्यांच्या बाजूने लागला, तरीही हिमाचल, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि खुद्द हरियाणा या राज्यांनी 2005-06 च्या सुमारास ही अट मागे घेतली. ज्या कलमासाठी हरियाणा सर्वोच्च न्यायालयात जिंकला ते त्यानेच तीन वर्षांत काढून टाकलं. निकाल मात्र जिवंत राहिला. 2015 मध्ये हरियाणाने पंचायतीसाठी शिक्षणाची अट आणली तेव्हा ‘राजबाला’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीही वैध ठरवली आणि त्यात जावेदचा आधार होता. सर्वसाधारण पुरुषाला दहावी, बाईला आठवी. बाईसाठी अट खाली आणली याकडे उदारपणा म्हणून पाहता येतं. तरी खेड्यातल्या ज्या पिढीतल्या मुलींना शाळेतून काढलं गेलं, त्यांनाच त्याचा जाब द्यावा लागला. जावेदमध्ये जे बाळंतपणाचं झालं तेच राजबालात शाळेचं झालं.

मधल्या काळात, 2009 मध्ये, ‘सुचिता श्रीवास्तव’ प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलं की मूल जन्माला घालायचं की नाही हे ठरवण्याचा स्त्रीचा हक्क हा कलम 21 मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. 2017 च्या खासगीपणाच्या निकालाने तो पाया आणखी भक्कम केला. पण जावेद उलटवला गेला नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये राजस्थानातल्या सरकारी नोकरीतली दोन अपत्यांची अट वैध ठरवताना न्यायालयाने पुन्हा जावेदकडे बोट दाखवलं. एका निकालात ठरवण्याचा हक्क तिचा, दुसऱ्यात ठरवल्याची किंमत तिची. आणि तिने ठरवलंच नव्हतं, ही शक्यता कुणीच हाताळलेली नाही.

आंध्र प्रदेशाने नोव्हेंबर 2024 मध्ये ही अट रद्द केली. बायकांच्या राजकीय हक्कासाठी नव्हे. राज्यात म्हातारी माणसं वाढत आहेत, जन्म कमी होत आहेत, म्हणून लोकांनी जास्त मुलं होऊ द्यावीत, असं तिथले मुख्यमंत्री जाहीरपणे सांगत होते. तीस वर्षांपूर्वी दोनवर थांबायला सांगणारं सरकार आता पुढे जायला सांगतं आहे. दोन्ही वेळा निरोप एकाच पत्त्यावर गेला.

महाराष्ट्रात स्थानिक संस्थांतलं महिला आरक्षण 2011 पासून 50 टक्के आहे आणि कलम 14(1)(ज-1) जिथल्या तिथे आहे. स्त्रियांसाठी अपवाद करायचा तर करा, असं न्यायालयाने 2003 मध्येच सांगून ठेवलं होतं. आपल्या कलमात तो अपवाद नाही. तिथे शब्द आहे ‘व्यक्ती’. छाननीच्या टेबलावर घोषणापत्रही याच शब्दाच्या आधारे भरून घेतलं जातं, आणि अपत्यांची संख्या लिहायचा रकाना स्त्री-पुरुष दोघांना सारखाच, एका ओळीचा आहे.